तांब्याचे एक रेखाटन : शांत चित्राच्या आस्वादाविषयी काही विचार

सारांश

नित्य वापरातील वस्तूचे शिसपेन्सिलीने केलेले रेखाटन समोर आले की, 'ते हुबेहूब साधले आहे काय?' एवढाच प्रश्न आपण बहुधा विचारतो. हा निकष प्राथमिक सरावासाठी उपयुक्त असला, तरी आस्वादासाठी व मूल्यमापनासाठी अपुरा आहे. प्रस्तुत लेखात तांब्याच्या एका विद्यार्थी-रेखाटनाचे सविस्तर वाचन केले असून, चित्रात न काढलेला भाग ही उणीव आहे की चित्रकाराचा निर्णय, हे ओळखण्याच्या काही कसोट्या मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : रेखाटन, वस्तुचित्र, छटा, अवकाश, हरवलेली कड, आस्वाद

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन चित्रकला स्पर्धेत प्रस्तुत लेखकास परीक्षक मंडळात बसण्याचा योग आला. लेखक चित्रकलेचा नव्हे, भाषेचा अध्यापक; सांस्कृतिक विभागाची जबाबदारी असल्याने ते काम वाट्यास आले. एका दुपारी साठ-सत्तर चित्रे पाहावयाची होती. रंगीत निसर्गदृश्ये, व्यक्तिचित्रे आणि सामाजिक संदेश देणारी चित्रे यांच्यामध्ये एक लहानसे पेन्सिल-रेखाटन होते. पांढऱ्या कागदावर एक तांब्या; बाकी काही नाही. त्याची डावी कड काढलेलीच नव्हती. गुणपत्रकावर 'अपूर्ण' असा शेरा लिहून लेखकाने ते बाजूला ठेवले. यास अर्धा मिनिटही लागले नसावे.

स्पर्धेनंतर ज्यांची चित्रे परत नेली गेली नाहीत, त्यांत हे रेखाटनही होते. मागे केवळ सांकेतिक क्रमांक होता, नाव नव्हते. कागदपत्रांची आवराआवर करताना ते पुन्हा हाती आले आणि या वेळी घाई नसल्यामुळे ते पाहिले गेले. दिलेला शेरा चुकीचा होता, हे त्यानंतर हळूहळू लक्षात आले. कवितेतील मौनाविषयी वर्गात तासन् तास बोलणाऱ्या अध्यापकास कागदावरील मौन ओळखता आले नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. प्रस्तुत लेख त्या विचारातून लिहिला आहे.

हा अनुभव अपवादात्मक नसावा. जेफ्री स्मिथ व लिसा स्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. नामवंत चित्रांसमोर प्रेक्षक सरासरी सुमारे २७ सेकंद थांबतात आणि निम्मे प्रेक्षक १७ सेकंदांतच पुढे सरकतात, असे त्यात आढळले. रेम्ब्राँसारख्यांच्या कलाकृतींची ही स्थिती असेल, तर अनामिक विद्यार्थ्याच्या तांब्याला किती वेळ मिळणार?

२. 'हुबेहूब'चा निकष

महाराष्ट्रातील सुशिक्षित माणसाचा वस्तुचित्राशी पहिला परिचय बहुधा शालेय वयात, शासकीय रेखाकला परीक्षेच्या निमित्ताने होतो. एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र आणि इंटरमिजिएट परीक्षेत स्थिरचित्र हे विषय असतात. प्रमाणबद्धता, यथार्थदर्शन, छायाप्रकाश आणि मांडणी यांचा पाया या परीक्षांनी असंख्य विद्यार्थ्यांमध्ये घातला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

या शिक्षणाची पार्श्वभूमी मात्र ध्यानात घ्यावी लागते. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टवर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा प्रभाव होता. डोळा व हात यांना अचूकतेचे वळण लावणे आणि त्यातून कारागिरीस व उद्योगास उपयुक्त कौशल्य घडविणे, हे त्या पद्धतीचे एक मुख्य प्रयोजन होते. तेथे अचूकता हाच गुण असणे स्वाभाविक होय. अडचण निर्माण होते ती सरावाचा निकष हाच आस्वादाचाही निकष मानल्यामुळे. व्याकरणशुद्ध वाक्य लिहिता येणे आवश्यक आहे. परंतु कविता वाचताना आपण केवळ शुद्धलेखन तपासत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र सुविद्य वाचकदेखील नेमके हेच करीत असतो.

३. माध्यमाचा स्वभाव

रेखाटन वाचण्यापूर्वी पेन्सिल काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे पाहणे इष्ट ठरेल. शिसपेन्सिलीत शिसे नसते. असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप. इंग्लंडमधील बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात सापडलेले शुद्ध ग्रॅफाइट दीर्घकाळ युरोपभर वापरले गेले. युद्धामुळे फ्रान्सला तो पुरवठा मिळेनासा झाला, तेव्हा निकोला-जाक कोन्ते याने १७९५ मध्ये ग्रॅफाइटची पूड व चिकणमाती यांचे मिश्रण भाजून कांड्या तयार करण्याची पद्धती शोधली. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि फिकट. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि गडद. आज पेन्सिलीवर दिसणाऱ्या 'एच' व 'बी' या श्रेणींमागे हेच प्रमाण आहे.

ग्रॅफाइटमधील कार्बनचे थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि कागदाच्या खरबरीत पृष्ठभागावर अडकून राहतात. म्हणून पेन्सिलीची रेषा ही हाताच्या दाबाची नोंद असते. दाब किंचित वाढला तरी ते दिसते. दुसरी गोष्ट अशी की, ग्रॅफाइट कितीही घासले तरी कोळशासारखे दाट काळे होत नाही. उलट चकाकू लागते. अतिगडद व झगमगीत परिणाम हे या माध्यमाचे क्षेत्र नव्हे. करड्या रंगाच्या मोजक्या छटांमध्येच त्याला सर्व काही सांगावे लागते. पेन्सिल-रेखाटनाचा शांतपणा काही अंशी असा माध्यमातूनच आलेला असतो. तो ज्या चित्रकाराला मानवतो, तोच पेन्सिलीचा चांगला उपयोग करतो.

४. वस्तूचा स्वभाव

तांब्या ही आपल्या इतकी परिचयाची वस्तू की, ती आपण पाहत नाही, केवळ वापरतो. पाहुणा आला की तांब्याभांडे पुढे येते. देवघरापासून मोरीपर्यंत त्याचा संचार असतो. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पकांनी १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात याच वस्तूचे, त्यांच्या भाषेत 'लोट्या'चे, विशेष कौतुक केले होते. या अहवालातूनच पुढे अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. भरलेला व रिकामा असताना तोल कसा राहतो, हाताची पकड कशी बसते, धार कशी पडते, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे या आकाराने कोणा एका कर्त्याच्या नावाविना पिढ्यान् पिढ्या शोधली, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

चित्रकाराच्या दृष्टीने तांब्याचे चार भाग महत्त्वाचे : बाहेर वळलेला काठ, आवळलेला गळा, फुगीर पोट आणि टेकणारे बूड. काठ व बूड ही दोन्ही वर्तुळे. परंतु आपण किंचित वरून पाहत असल्याने ती लंबवर्तुळाकार दिसतात. डोळ्याच्या पातळीजवळचे लंबवर्तुळ चपटे, खालचे अधिक उघडे. हा संबंध बिघडला की तांब्या कलंडल्यासारखा वाटतो. वस्तू साधी असली तरी रेखाटन सोपे नाही, ते यामुळे.

५. रेखाटनाचे वाचन

आता प्रत्यक्ष रेखाटनाकडे वळू. कागद साधा, खरबरीत पोताचा. तांब्या कागदाच्या मध्यापासून थोडा डावीकडे आणि खाली आहे. त्याच्या वर बराच मोकळा अवकाश आहे. प्रथमदर्शनी ही मांडणीतील चूक वाटते. परंतु प्रकाश डावीकडून येत असून पडछाया उजवीकडे पसरली आहे. वस्तू व तिची पडछाया मिळून जो आकार होतो, तो मात्र कागदाच्या मध्यभागी आहे. चित्रकाराने केवळ तांब्या मांडलेला नाही; तांब्या व त्याची सावली यांची जोडी मांडली आहे.

काठाचे लंबवर्तुळ सर्वत्र सारख्या रेषेने काढलेले नाही. आपल्या जवळची कड ठाम आहे. पलीकडची इतकी हलकी की मध्ये एके ठिकाणी रेषा तुटते. त्यामुळे काठाचा पुढचा भाग पुढे येतो, मागचा मागे जातो आणि तोंडातील पोकळी जाणवते. आतील अंधारही काळाभोर केलेला नाही. उजव्या बाजूस तो विरळ, डावीकडे दाट आहे. कारण डावीकडून येणारा प्रकाश काठावरून आत शिरून समोरच्या उजव्या भिंतीवर पडतो. हे तर्काने मांडता येईल. परंतु या रेषा तर्काने काढल्यासारख्या दिसत नाहीत. समोर बसून पाहिल्याशिवाय त्या सुचणे कठीण.

पोटावरील छायांकन वस्तूच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या बारीक रेषांनी केले आहे. बोटाने अथवा कागदी स्टंपने ते पुसून गुळगुळीत केलेले नाही. सर्वांत गडद छटा उजव्या कडेला नसून कडेच्या थोडी अलीकडे आहे. अगदी कडेशी पुन्हा फिकट पट्टी आहे. टेबलावरून परतलेला प्रकाश तेथे पोहोचतो. या एका पट्टीमुळे पोट मागे वळते. ती नसती तर तांब्या कापून चिकटवल्यासारखा सपाट दिसला असता.

पितळेची चकाकी दाखविण्याचा मोह नवशिक्याला आवरत नाही. येथे लखलखीत ठिणगी कोठेही नाही. गळ्याखाली कागद एवढासा कोरा सोडला आहे आणि त्याच्या कडा मंद आहेत. त्यावरून तांब्या नवा नाही, रोज घासून घासून त्याची चमक मऊ झालेली आहे, असा बोध होतो. उजवीकडे पोटाच्या मध्यावर छायांकनाच्या रेषांची दिशा अचानक बदलते. चार-पाच आखूड रेषा आडव्या जातात आणि पुन्हा पूर्ववत होतात. तो पोचा आहे. तो ठळक केलेला नाही, शोधणाऱ्यालाच सापडतो. कधीतरी हा तांब्या कोणाच्या हातून पडला असला पाहिजे. चित्रात माणूस नाही. परंतु माणसाच्या हाताळणीच्या या दोन खुणा, झिजलेली चमक व पोचा, मात्र आहेत. वस्तुचित्रात भावना शोधावयाची तर ती अशा ठिकाणी शोधावी. वस्तूवर ती बाहेरून लादू नये.

टेबलाची कड काढलेली नाही. तांब्या जमिनीवर टेकला आहे हे केवळ पडछाया सांगते. बुडाशी ती सर्वांत गडद व रेखीव आहे. दूर जाताना फिकी व अस्पष्ट होत कागदात विरते. बुडाच्या रेषेखाली आणखी एक अतिशय पुसट रेषा दिसते. बूड आधी थोडे खाली धरले होते, मग वर घेतले. दुरुस्तीची ही खूण पूर्णपणे खोडलेली नाही. पाहण्याची प्रक्रिया कागदावर कशी शिल्लक राहते, याचे हे उदाहरण होय.

६. हरवलेली कड : अपूर्णता की निर्णय?

आता वादग्रस्त भागाकडे येऊ. डावीकडे गळ्याची रेषा खाली उतरते, पोटाच्या आरंभी फिकी होत थांबते, आणि बुडाजवळ पुन्हा सुरू होते. मधल्या भागात काहीच नाही. तरीही शांतपणे पाहिले असता पोट तेथे आहे, असे वाटते.

याचे एक कारण प्रकाशात आहे. वास्तवात वस्तूभोवती रेषा नसते. दोन छटांची भेट होते तेथे आपण कड पाहतो. उजेडाने उजळलेले पोट आणि मागील उजळ पार्श्वभूमी यांची छटा एकच असेल, तर कड खरोखरच दिसत नाही. चित्रकार तिला हरवलेली कड म्हणतात. दुसरे कारण आपल्या दृष्टीच्या रचनेत आहे. गाएतानो कानिझा या इटालियन मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये दाखवून दिले की, योग्य जागी खाचा असलेल्या तीन तबकड्या मांडल्या असता मधला त्रिकोण न काढताही दिसतो. अपुऱ्या खुणांतून पूर्ण आकार रचण्याचे काम दृष्टी स्वतः करते. हरवलेली कड प्रेक्षकाला या कामात सहभागी करून घेते.

परंतु यावरून प्रत्येक सुटलेली रेषा ही कलात्मकता ठरत नाही. आळसाने सोडलेले आणि विचाराने सोडलेले यांत भेद करता आला नाही, तर 'हुबेहूब'च्या जागी 'सूचक' हा तितकाच निरुपयोगी शब्द येईल. त्यासाठी तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली : वगळलेल्या भागाला प्रकाशाचे कारण आहे काय? येथे आहे, कड नेमकी उजेडाच्या बाजूस हरवते, छायेच्या बाजूस नाही. दुसरी : उरलेला भाग त्या रिकाम्या जागेचा भार पेलतो काय? थांबलेल्या रेषेचे वळण आणि पुन्हा सुरू झालेल्या रेषेचे वळण डोळ्याने जोडले असता एकच सलग वक्ररेषा मिळते, आणि ती उजव्या बाजूशी जुळते. तिसरी : अन्यत्र पुरेशी काळजी दिसते काय? काठ, परावर्तित प्रकाश व पोचा इतक्या लक्षपूर्वक टिपणारा हात एक संपूर्ण बाजू विसरेल, हे संभवत नाही.

या कसोट्या लावून झाल्यावर, कागद खिडकीजवळ तिरपा धरला असता, आणखी एक पुरावा दिसला. कोऱ्या वाटणाऱ्या त्या भागात पेन्सिलीच्या दाबाने उमटलेली एक बारीक खोबण होती. डावी कड काढलेली होती; नीट, सलग काढलेली होती; आणि नंतर खोडरबराने काळजीपूर्वक काढून टाकलेली होती. ज्या चित्रावर 'अपूर्ण' असा शेरा पडला, ते पूर्ण करून मग कमी केलेले चित्र होते.

प्रत्येक चित्राबाबत असा भौतिक पुरावा मिळेल असे नाही, आणि त्याची गरजही नाही. वरील तिन्ही कसोट्या कागद तिरपा न धरताही लावता येत होत्या. लागत होता तो केवळ वेळ.

७. काही पूर्वसुरी

साध्या वस्तूकडे असे पाहण्याची परंपरा समृद्ध आहे. जर्मन चित्रकार आडोल्फ मेन्झेल याने सुमारे १८४५ मध्ये काळ्या खडूने एका न आवरलेल्या बिछान्याचे रेखाटन केले. चुरगळलेली उशी आणि पांघरूण यांपलीकडे त्यात काही नाही. झोपून उठलेला माणूस मात्र घड्यांमधून जाणवतो.

आपल्या विवेचनाशी अधिक जवळचे उदाहरण बोलोन्याच्या जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) याचे. तरुणपणी शाळांतून चित्रकला शिकविणारा आणि १९३० ते १९५६ या काळात बोलोन्याच्या कला अकादमीत अम्लरेखनाचे अध्यापन करणारा हा कलावंत आयुष्यभर प्रामुख्याने बाटल्या, डबे, फुलदाण्या व वाडगे यांची चित्रे काढीत राहिला. बाटल्यांची चकाकी व लेबले अडथळा करतात म्हणून तो त्यांना रंग लावून मंद करीत असे. त्याच्या उत्तरायुष्यातील पेन्सिल-रेखाटनांत रेषा इतक्या मोजक्या होतात की, दोन वस्तूंमधील रिकामी जागाच कधी वस्तूसारखी दिसू लागते. तेथे वगळणे ही केवळ शैली नाही. वर्षानुवर्षे तेच पाहिल्यानंतर किती सांगणे पुरेसे आहे, याचा आलेला तो अंदाज आहे.

मराठी वाचकास प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे स्मरण होणे साहजिक आहे. कात्री, घड्याळ, पान, सेफ्टी पिन अशा क्षुल्लक वस्तू त्यांच्या चित्रांत विलक्षण अवकाशात अवतरतात. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनात त्यांच्या दैनंदिन्याही मांडल्या होत्या. चित्रविचार मराठीतून किती सूक्ष्मपणे करता येतो, याची साक्ष त्यांचे लेखन देते. चित्राविषयी बोलण्यास आपल्याकडे भाषा नाही, ही सबब त्यामुळे टिकत नाही.

८. अध्यापनातील उपयोग

सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांना या विवेचनाचा उपयोग कोणता? हार्वर्ड विद्यापीठातील कलेतिहासाच्या प्राध्यापिका जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर सलग तीन तास बसण्यास सांगतात. या उपक्रमाविषयीचा त्यांचा लेख २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या वेळापत्रकात तीन तास शक्य नाहीत. पंधरा मिनिटे शक्य आहेत. एक रेखाटन वर्गात मांडावे आणि क्रमाने चार प्रश्न विचारावेत : प्रकाश कोठून येतो? सर्वांत गडद व सर्वांत उजळ जागा कोणत्या? रेषा कोठे ठाम आहे आणि कोठे थांबते? जे काढलेले नाही, ते कशाच्या आधारे दिसते? 'आवडले काय?' हा प्रश्न शेवटी ठेवावा. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पानाच्या आकृतीकडे किंवा इतिहासाचा विद्यार्थी दस्तऐवजातील गाळलेल्या मजकुराकडे पाहील, तेव्हा हीच शिस्त त्याच्या उपयोगी पडेल.

मूल्यमापनाच्या बाबतीत तर ही शिस्त कर्तव्याचा भाग ठरते. आपण दिलेला शेरा आपण विसरतो. ज्याला तो मिळतो, तो विसरेलच असे नाही.

९. समारोप

शांत रेखाटन प्रेक्षकाला हाक मारीत नाही. ते आपल्या जागी थांबून राहते आणि पाहणाऱ्याने वेळ दिला तरच उलगडते. 'हुबेहूब' हा निकष त्याच्या दारापर्यंत नेतो. आत जावयाचे तर काय काढले आहे याइतकेच काय काढलेले नाही, आणि का, हे पाहावे लागते. प्रकाशाचे कारण, उर्वरित चित्राचा आधार आणि सर्वत्र दिसणारी काळजी या तीन कसोट्या त्यासाठी पुरेशा नसल्या तरी आरंभ म्हणून उपयुक्त ठरतील, असे वाटते.

ते रेखाटन आता चौकटीत बसवून विभागाच्या भिंतीवर लावले आहे. त्याच्या कर्त्याचा शोध लागला नाही. स्पर्धेचे अभिलेख उपलब्ध नाहीत. दिलेला शेरा मागे घेता येण्याजोगा नाही. या पुढे येणाऱ्या कागदांना अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ देणे मात्र शक्य आहे.